मा. आरोग्यमंत्री, माझ्या पतींचा फिस्टुला शनिवारी बंद पडला. सर्जन सोमवारी मिळाले

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेलसं वाटत नाही.

माझे पती चार वर्षं डायलिसिसवर आहेत. डायलिसिसच्या सुया टोचायला डाव्या मनगटात फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली. वर बोट ठेवलं की मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. चहा टाकायच्या आधी मी रोज ती बघायचे. गेल्या शनिवारी बोटाला काहीच लागलं नाही.

त्यात रक्ताची गुठळी झाली तर पहिल्या एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून काढावी लागते, आत शीर अरुंद झाली असेल तर तीही मोकळी करावी लागते, हे सिस्टरनी बजावून ठेवलं होतं. आठ वाजता आम्ही जिल्ह्याच्या गावी हजर. रक्तवाहिन्यांचे सर्जन नाहीत. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, करणारे सोमवारी. मग पुणे. नऊ हजार गाडीभाडं, एका दवाखान्यात खाट नाही, दुसऱ्यात आधी साठ हजार भरा. सोमवारी दुपारी ह्यांना आत घेतलं. "परवा आणलं असतं तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले.

परवाच निघालो होतो हो आम्ही!

आता डायलिसिससाठी मानेत कॅथेटर, म्हणजे शिरेत घातलेली नळी, आहे. ओलं होऊ द्यायचं नाही, ताप आला की पळायचं. जंतू थेट रक्तात जातात. नवीन फिस्टुला केला तरी सुया टोचण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे.

2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. आमच्याकडेही यंत्रं आली, हे त्यांच्यावरच जगले, ते मी विसरणार नाही. पण त्या यंत्राला मिनिटाला 300 मिलीच्या आसपास रक्त लागतं. हातातला रस्ताच बुजला तर ते कुठून द्यायचं? "डायलिसिस मोफत" असा बोर्ड लावलात, त्यात हा हात धरला नव्हता का?

मुलाच्या शाळेत संगणक आले, शिकवणारा नाही म्हणून तीन वर्षं खोक्यात पडून. तुमच्या सरकारला वस्तू घेता येतात, माणसं नेमता येत नाहीत. फीत कापायला सगळे येतात, शनिवारी सकाळी कोणी नसतं.

निदान दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक रक्तवाहिनी सर्जन द्या, सुट्टीतही येणारा. रविवारीही डॉप्लर होऊ द्या.

उत्तर लेखी हवं. मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही डायलिसिसला असतो. ते दिवस सोडून माणूस पाठवलात तरी चालेल.

एका रुग्णाची पत्नी, मराठवाडा