विलंबाचा पॅच पाठवू नकोस

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

मशीन हायबरनेशनमधून बहुतेक वेळा नीट उठतं, मधूनच अडकतं, आणि थोडा विलंब घातला की बग दिसेनासा होतो, असं तू लिहिलंस. तो विलंबाचा पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, मात्र पाठवू नकोस. विलंबामुळे बग दडला, गेला नाही.

हायबरनेशनमध्ये मेमरीची प्रत, म्हणजे इमेज, डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत जाते आणि मशीन बंद होतं. उठताना आधी नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बूट होतो आणि ती इमेज वाचतो. ४०९६ बाइटचं एकेक पेज. मूळ जागा मोकळी असेल तर पेज थेट तिथे जातं. जिथे नवा कर्नलच ठाण मांडून बसलाय, तिथली पेजेस तात्पुरती सुरक्षित जागी ठेवतात आणि अगदी शेवटी असेम्ब्ली भाषेतला एक छोटा लूप ती मूळ जागी कॉपी करतो. तेव्हा नवा कर्नल स्वतःच पुसला जात असतो. म्हणून लूपचा कोड आणि त्याची पेज टेबलं (कोणता पत्ता मेमरीत खरा कुठे आहे हे सांगणारे तक्ते) इमेज जिथे पोचणार नाही अशाच पेजमध्ये हवीत. एक जरी सुटलं, तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड.

२०१६ साली ६४-बिट एक्स८६ लिनक्समध्ये हेच सापडलं. तात्पुरती पेज टेबलं नव्याने बांधली जायची, पण कर्नलच्या कोडचं मॅपिंग, म्हणजे पत्त्यांची जोडणी, तेवढं बूट झालेल्या कर्नलचंच उसनं घेतलेलं. कॉपी होताना त्यावर कधीकधी इमेजचा डेटा पडायचा आणि इमेजमधल्या जुन्या कर्नलमध्ये परतण्याची शेवटची उडी भलतीकडे जायची. दोष जुनाच होता. सुरक्षेसाठी केलेल्या एका वेगळ्याच बदलाने मोठ्या पेजचं मॅपिंग लहान पेजमध्ये फुटलं, त्यासाठी नवी टेबलं कुठेही वाटली जाऊ लागली, आणि तो दोष उघडा पडला. तो बदल मागे घेऊन भागलं असतं, पण तसं केलं नाही. शेवटच्या उडीपुरतं स्वतंत्र मॅपिंग बांधलं. मला ही दुरुस्ती फार आवडते.

तेव्हा बायसेक्टने, म्हणजे आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या करत बिघाड कुठे सुरू झाला ते शोधण्याने, एखाद्या पॅचकडे बोट दाखवलं, तरी लगेच त्याला दोषी धरू नकोस. 'टेस्ट_रिझ्यूम' ही कर्नलमधली हायबरनेशनची चाचणी पास झाली यावरही विसंबू नकोस. तिथे तोच चालू कर्नल इमेज परत भरतो, खरा रीबूट होतच नाही. आधी पेज टेबलांच्या प्रत्येक पातळीचा भौतिक पत्ता काढ आणि तो इमेजच्या पेजशी ताडून बघ. लूपच्या आत प्रिंट चालणार नाही, सिरीयल पोर्टवर एकेक अक्षर टाक.

पत्ते जुळले की मला यादी पाठव, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
आई