तुर्कस्तान दोन माणसांत संपत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील तुर्कस्तानवरचा लेख वाचला. प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल अतातुर्क यांनी फेझ टोपी बंद केली, १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन आली, १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला आणि आता राष्ट्राध्यक्ष एर्दोगन ते सारे मोडीत काढताहेत, एवढ्यात शंभर वर्षे उरकली आहेत. आपल्याकडे तुर्कस्तानची चर्चा नेहमी या दोघांपाशीच अडते. हे कायदे ज्यांच्यावर लागू झाले ती माणसे आली कुठून, याचा लेखात उल्लेखही नाही.

त्यातली कितीतरी माणसे निर्वासित होती. रशियाने १८६४ मध्ये कॉकेशसचा लढा संपवला तेव्हा लाखो चेर्केस (तिथले मुसलमान डोंगरी लोक) ऑटोमन म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या मुलखात ढकलले गेले. पुढे १८७७-७८ चे रशियाशी युद्ध, मग १९१२-१३ ची बाल्कन युद्धे; दर पराभवानंतर बाल्कनमधले मुसलमान बिऱ्हाडे पाठीवर टाकून येत राहिले. खुद्द अतातुर्कांचे जन्मगाव सलोनिका १९१२ मध्ये ग्रीसकडे गेले आणि त्यांच्या आई-बहिणीला इस्तंबूल गाठावे लागले. दुसरीकडे अनातोलियातले (तुर्कस्तानच्या आशियाई भागातले) आर्मेनियन १९१५ पासून हद्दपारीत आणि कत्तलींत जवळजवळ संपले. त्याला वंशसंहार म्हणायला तुर्की सरकार आजही तयार नाही.

पण खरी मेख स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये आहे. तिथे ३० जानेवारी १९२३ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला गेले (त्यांतले बहुतेक आदल्या वर्षीच्या युद्धातच पळाले होते) आणि जवळपास ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात आले. निकष एकच, धर्म. घरात तुर्कीच बोलणारे, ग्रीक लिपीत तुर्की लिहिणारे कारामानली ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरले. क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरले. १९२८ मध्ये ‘नागरिका, तुर्की बोल’ अशी मोहीम निघाली, तेव्हा तिचा जाच या क्रीटवाल्यांनाही झाला असणारच! १९२४ मध्ये खिलाफत मोडणाऱ्या प्रजासत्ताकाने आपले नागरिक मात्र धर्म पाहून घेतले होते. त्याच वर्षी स्थापन झालेले सरकारी धर्मखाते सुन्नी इस्लामचेच राहिले. अलेवी या सुन्नींहून वेगळ्या मुसलमान पंथाला त्यात जागा मिळाली नाही. तेव्हा एर्दोगन यांनी धर्म राजकारणात ‘परत’ आणला हे म्हणणे मला अर्धवट वाटते. तो गेला होता कुठे?

हे सारे जुने झाले असेही नाही. सरकारने २०१८ च्या फेब्रुवारीत वंशावळीच्या नोंदी ऑनलाइन खुल्या केल्या, तेव्हा आपले पणजोबा कुठले हे पाहायला इतकी झुंबड उडाली की ती यंत्रणाच कोलमडली.

लेखकाने एक दाखला तरी द्यायला हवा होता. १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीकडे बोट दाखवले होते. तुटपुंज्या साधनांच्या या देशांना जे जमले ते हिंदुस्थानला का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर काहीही असो, मराठी वाचकासाठी तुर्कस्तानवर लिहिताना लोझान वगळता येत नाही. पुढच्या लेखात टोपीला थोडी कमी जागा देऊन ती लोझानला द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे