राणी कुरिअरनं येत नसतीय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या पोरांसाठी म्हणून घरात मुंग्या पाळायच्या छंदावर अर्धं पान आलंय ते वाचलं, चांगलं आहे, फोटो तर एक नंबर, पण शेवटी "राणीसह तयार किट ऑनलाइन मागवा" असं एक वाक्य टाकलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. त्या वाक्याचं बिल मी स्वतः भरलेलं आहे.

मी मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात पंचवीस वर्षं दिवाणजी आहे, म्हणजे मुंगी आमची भावकीच समजा. सौद्याला लावलेल्या गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, मुंग्या लागल्या की मालक, हमाल, शेतकरी सगळे माझ्याच नावानं शिमगा करणार. असल्या माणसाच्या घरात देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आज दीडशेभर डोंगळे नांदतात हे यार्डात अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता छापून आलं तर कळेलच, असू दे.

दोन वर्षांमागं पोरगं आठवीत होतं, मोबाइलवर बघून बघून त्यानं हट्ट धरला आणि साडेसातशे रुपये भरून आम्ही "राणी" मागवली. कापसाचं बूच लावलेल्या नळीत आली. डोकं एवढं मोठं की आम्ही सगळे म्हणलो राणीच ही. महिना झाला अंडं नाही, दीड महिना झाला अंडं नाही, विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतोय राणी रुसली असंल, अंधारात ठेवा. मग मेलीच ती. आणि फोनवर आम्ही ब्लॉक. नंतर वाचून कळलं की डोंगळ्यात कामकरी, म्हणजे वारुळातली कामं करणाऱ्या मुंग्या, लहानमोठ्या मापाच्या असतात आणि मोठ्या डोक्याची असते ती कामकरीच. राणी डोक्यावरनं नाही, पाठीवरनं ओळखायची. पंख हलवायचे स्नायू तिथं असतात म्हणून छातीचा भाग फुगीर, कुबड आल्यासारखा, आणि भिंगातनं बघितलं तर पंख तुटल्याच्या बारक्या खुणा दिसतात. कामकरीची पाठ आपली सडपातळ. एवढं त्या अर्ध्या पानात असतं तर बरं झालं असतं.

खरी राणी त्याच जूनमध्ये फुकट मिळाली. मंगळवार पेठेत आमच्या जिन्यावर, पहिला मोठा पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी, एकटीच पायऱ्या चढत होती. आपल्यात म्हणतात मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे, उडून मिलन झालं की एकदोन दिवसात त्यांचा कारभार आटोपतो. पण राणीचं उलटं आहे की हो! ती खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतः मोडून टाकते आणि तिथनं तिचा प्रपंच सुरू होतो. त्या एका उड्डाणात मिळालेलं बीज तिला जन्मभर पुरतं.

नळीचं काम सोपं आहे. लॅबचं सामान मिळतं तिथनं काचेची टेस्ट ट्यूब आणायची, तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, राणी आत सोडायची, तोंडाला दुसरा बोळा, वरनं कागद गुंडाळून कपाटात. खायला काही घालायचं नाही. हे आमच्या घरात कुणाला पटेना, आई तर म्हणाली उपाशी ठेवून जीव घेतोयस. पण डोंगळ्याची राणी पहिली पिल्लं मोठी होईस्तोवर स्वतःची चरबी आणि ते आता रिकामे झालेले उडायचे स्नायूच जिरवत असते, त्यातनंच पिल्लांना भरवते. आपण फक्त हलवाहलवी करायची नाही. मी आठवड्यातनं एकदाच बघायचो, पोरगं किती वेळा बघायचं ते विचारू नका.

अडतिसाव्या दिवशी रात्री जेवून बॅटरी घेऊन बघतोय तर राणी एका कोशाला चावत होती. कोश म्हणजे भाताच्या शितासारखा, फिकट बदामी. आधी वाटलं पोराच्या हलवण्यानं बिथरून खायला लागली. मग कोश फाटला आणि आतनं पाय दिसले, पिवळट, दुधाच्या सायीसारखे मऊ, ती ओढतीय, चाटतीय, पुन्हा ओढतीय, वीसेक मिनिटं चाललं होतं हे. बाहेर आली ती एवढीशी, बाहेरच्या डोंगळ्याच्या निम्मी पण नाही. पहिली वेत बारकीच असते कारण राणीच्या अंगात होतं तेवढ्यातच भागवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी आईनंच गुळाच्या पाण्याचा एक थेंब प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठेवला. ती पिली, पोट असं ताणलं की काळ्या पट्ट्यांच्या मधनं फिकट रेघा दिसायला लागल्या, आणि गेली ती सरळ राणीकडं, तोंडाला तोंड लावून पाजलं. पाच आठवड्यांनी राणीच्या पोटात गेलेला पहिला घास तो. आई काही बोलली नाही, पण तेव्हापासनं थेंब तीच ठेवते.

पुढं शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतनं थोडं प्लास्टर आणून डब्यात घर केलं, काठाला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली की वाळल्यावर पाय ठरत नाही त्यांचा. गोडाबरोबर प्रथिनं पण लागतात म्हणून किडे द्यायचे, आणि इथं माझी एक घोडचूक सांगतो. मोरीत उलटं पडलेलं झुरळ दिसलं, आयतं मिळालं म्हणून दिलं. खालच्या मजल्यावर आदल्या दिवशी फवारणी झालेली. दोन दिवसात एकोणीसातल्या अकरा मेल्या. राहिलेल्यांनी सगळी मढी उचलून एका कोपऱ्यात नेऊन टाकली. राणीपर्यंत विष कसं पोचलं नाही देव जाणे, वाचली.

आता विकत घेण्याबद्दल. मी फसलो तेवढंच असतं तर गप्प बसलो असतो. पण कुरिअरनं येणारी मुंगी कुठल्या गावची, कुठल्या जंगलातली हे कोण सांगणार? हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर माणसाच्या सामानाबरोबर 'पिवळी वेडी' नावाची मुंगी पोचली आणि तिनं तिथले लाखो लाल खेकडे मारले. आणि धंदा कुठवर गेलाय बघा, 2025 च्या एप्रिलात केनियात दोन एकोणीस वर्षांच्या बेल्जियन पोरांना पकडलं, त्यांच्याकडं दोन हजारांवर नळ्यांत मिळून पाच हजारांच्या आसपास मुंग्या, सगळ्या राण्या, परदेशात शौकिनांना विकायला. मे महिन्यात कोर्टानं दहा लाख शिलिंग दंड नाहीतर एक वर्ष कैद सुनावली. एक राणी उचलली की तिथं होणारं अख्खं वारूळ गेलं. मी पण एक उचलली आहे, नाही म्हणत नाही, पण जिन्यावरची उचलली आणि उद्या डब्यातनं सुटली तर जिन्यावरच जाईल.

शिवाय किट घेणाऱ्याला हेही सांगा की हे दोन महिन्यांचं खेळणं नाही. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसानं सांभाळलेली 28 वर्षांच्या वर जगल्याची नोंद आहे. आमचीचं माहीत नाही, पण पोरग्याला म्हणलंय, लग्नात हिलापण पत्रिका ठेवावी लागंल.

एक विनंती, वळीव सुरू झालाय, तर पत्र मृगाच्या आधी छापा. पोरं ट्यूबलाइटखाली पंखवाले किडे धरणार आणि निम्म्यांच्या हाताला वाळवी लागणार. वाळवीचे चारी पंख एका मापाचे आणि कंबर जाड, मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटीएवढी आणि मिशा कोपरात वाकवल्यासारख्या. जागा कमी पडली तर माझं कुरिअरचं रडगाणं कापा पण हे वाळवीचं राहू द्या, नाहीतर कुणाच्या तरी घरात लाकडी कपाटाशेजारी वाळवीची जोडी नळीत घालून ठेवलेली असंल आणि ते पण माझ्याच नावानं बोंबलतील.

आपला,
मार्केट यार्डातला एक दिवाणजी, कोल्हापूर
(नाव छापू नये, मालक आपलाच पेपर वाचतात)