कपाटात ठेवलेल्या पुस्तकाची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांतील पुस्तकांवर येणाऱ्या हरकतींसाठी लेखी कार्यपद्धती ठरवून देण्याबाबत

महोदय,

पुस्तकावर बंदी कशी घालायची हे कायद्यात लिहिलेले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 खाली (म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 खाली) राज्य सरकारने अधिसूचना काढायची आणि तीत कारणे द्यायची. ज्याला ती मान्य नाही, त्याला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. कारणे मोघम ठेवली की काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरची 2004 ची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो निकाल कायम ठेवला. कोणकोणत्या समाजगटांत वैर निर्माण होईल, हे अधिसूचनेत सांगितलेच नव्हते.

गावच्या वाचनालयात अधिसूचनेची गरजच पडत नाही. चार जण देवघेवीच्या टेबलाशी येतात, मोबाइलवर एका परिच्छेदाचा फोटो दाखवतात आणि ‘हे इथं ठेवायचं नाही’ म्हणतात. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान, वाचनालयात तेव्हा बहुधा एकटा ग्रंथपाल असतो. पुस्तक ‘वातावरण निवळेपर्यंत’ कार्यवाहांच्या कपाटात जाते. पुढे पुस्तकांच्या वार्षिक पडताळणीत तो दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) मांडणीवर सापडत नाही आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘गहाळ’ किंवा ‘जीर्ण’ असे पडते. बांधणी शाबूत, तारीखपट्टीवर जेमतेम दोन शिक्के, आणि म्हणे जीर्ण! अशी पुस्तके कोणी मोजायला गेले, तर कागदोपत्री ती सगळी वाळवीनेच खाल्लेली निघतील.

1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि 1970 चे अनुदान नियम आपल्या हातात आहेत. अनुदानाला अटी असतातच. त्यांत एक वाढवा. प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयाकडे हरकतींबाबतचे लेखी धोरण हवे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 1 जानेवारी 2024 पासून हेच केले. पुस्तकांवरील बंदीविरोधी धोरण लेखी स्वीकारल्याशिवाय तिथल्या ग्रंथालयांना राज्याचे अनुदान मिळत नाही.

कार्यपद्धती म्हणजे एका पानाचा अर्ज आणि एक परिपत्रक. अर्जात पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक, हरकतीचा मजकूर पान क्रमांकासह, अर्जदाराचे नाव, सभासद क्रमांक आणि सही एवढे असावे. शिवाय एक प्रश्न हवाच : आपण पुस्तक पूर्ण वाचले आहे का? तो वगळला, तर एकाच फोटोवर चाळीस सह्या येतात. तोंडी हरकत किंवा कोणाचा फोन आला, तर ग्रंथपालाने हा अर्ज पुढे करावा. बऱ्याच हरकती तिथेच संपतील.

अर्ज आल्यावर ग्रंथपाल, कार्यकारी मंडळाचा एक सदस्य आणि त्या विषयाचा बाहेरचा एक जाणकार, अशा तिघांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे आणि 30 दिवसांत कारणांसह निर्णय द्यावा. तोवर पुस्तक मांडणीवरच राहील. एरवी इथेच सगळे बिघडते. ‘तात्पुरते’ बाजूला काढलेल्या पुस्तकाला परत येण्याची तारीख कोणी देत नाही. निर्णय मान्य नसेल तर अपील जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे, आणि निर्णय झाल्यावर त्याच पुस्तकावर तीन वर्षे नवी हरकत नको. प्रौढांची कादंबरी बालविभागात गेली असेल, तर मात्र हरकत रास्त आहे. ती बालविभागातून काढून कादंबऱ्यांच्या मांडणीत ठेवावी. त्यासाठी समितीसुद्धा बसवायला नको.

पडताळणीच्या तक्त्यात ‘हरकतीमुळे काढले’ असा वेगळा रकानाही द्या. ग्रंथपालाला खोटा शेरा लिहावा लागू नये.

आणखी एक. ‘हे पुस्तक कोणी कोणी नेलं?’ असे विचारणारेही येतात. जुन्या कार्ड पद्धतीत पुस्तक परत आले की पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या कार्डातून निघून पुन्हा पुस्तकात जायचे, मागे नाव राहत नसे. देवघेव नोंदवहीत ते राहते आणि संगणकात तर कायमचे. कोहा या ग्रंथालयांच्या संगणक प्रणालीत परत आलेल्या पुस्तकांवरून वाचकाचे नाव पुसण्याची सोय आहे. ती सुरू करण्याचा आदेश द्या. नोंदवही वापरणाऱ्यांनी कायदेशीर लेखी आदेशाशिवाय ती कोणालाही दाखवू नये, हेही परिपत्रकात असावे.

यासाठी वेगळी तरतूद लागत नाही. येत्या वार्षिक तपासणीआधी परिपत्रक निघाले, तर यंदाच्याच पडताळणीत तो रकाना भरता येईल.

आपले,
सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणारे काही ग्रंथपाल आणि कार्यकर्ते