डोळे काढतात म्हणजे नक्की काय करतात?

मा. संपादक,

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, पेपरात 'नेत्रदान श्रेष्ठदान' छापून येतं पण डोळा काढतात कसा हे कोणी लिहीत नाही, आणि लोक अडतात ते तिथेच. मी बरीच वर्षं आय बँकेत टेक्निशियन होतो, दर दुसऱ्या घरी एकच प्रश्न, चेहरा विद्रूप तर नाही ना होणार?

अख्खा डोळा काढताना स्पेक्युलमने पापण्या उघड्या धरायच्या, बुबुळाभोवतीचा पातळ पडदा गोल कापायचा, मग मसल हुकने एकेक स्नायू उचलून कात्रीने सोडवायचा, असे सहा, आणि शेवटी मागची नस वाकड्या जाड कात्रीने. नवशिक्याचा हात इथेच थरथरतो, माझाही थरथरला होता. नंतर खोबणीत कापूस, वर प्लास्टिकची टोपी, पापण्या बंद, झालं, पाहणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

आता तर बऱ्याच ठिकाणी फक्त कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा काढतात, भोवतीच्या पांढऱ्या भागाच्या बारीक कडेसकट. डोळा जागेवरच राहतो, कॉर्निया एमके मिडियमच्या, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत जातो आणि साधारण ४ दिवस टिकतो. म्हणजे भीतीचं कारणच उरलं नाही, पण हे सांगतं कोण?

आणि एक, मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून आय बँकेला लगेच फोन करा, पंखा बंद ठेवा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा आणि डोक्याखाली उशी. रडारडीत हे राहून जातं हो.

– एक वाचक