डबा बघून केलेलं ‘ईऽऽ’ शाळेने खपवून घेऊ नये

मा. संपादक, स. न.

शाळेत कुणी शिवी दिली की लगेच डायरीत शेरा येतो, पालकांना बोलावणं येतं, पण शेजारच्या मुलीचा डबा बघून कुणी ‘ईऽऽ’ केलं तर कुणीच दखल घेत नाही, कारण ‘ईऽऽ’ करणारी काही बोललीच नाही ना! माझ्या नातीच्या डब्यात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी होती, झाकण उघडल्यावर एकीने ‘ईऽऽ’ केलं, दुसरीने ‘शीऽ’ करून नाक दाबलं मग अख्खा बाकच सुरू झाला. पोरीने डबा तसाच दप्तरात कोंबला, उपाशी घरी आली. आता म्हणते आजी जॅम-चपातीच दे. टीचरना सांगितलं तर म्हणाल्या, अहो मुलं आहेत, आवाज काढतातच.

नुसता आवाज कसा? शी, छी, थू, हुड ही तिरस्कारदर्शक केवलप्रयोगी अव्ययं म्हणून शाळेतच शिकवतात, मुलं मार्कांसाठी पाठ करतात. मग वर्गात खराखुरा तिरस्कार ऐकू आला की तो का कळू नये?

आम्ही किनाऱ्यावरची माणसं. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, माशांचा प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला, म्हणून उन्हाळ्यातच बोंबील, जवळा, सोडे वाळवून ठेवायचे आणि पावसाळा त्यावर काढायचा. शाळाही जूनमध्येच उघडतात, तर डब्यात सुकं येणारच की!

आणि हे पोरं शिकतात कुणाकडून, आपल्याकडूनच. एसटीत कोळीण पाटी घेऊन चढली की बायका पदर नाकाला लावून ‘श्शी’ करतात आणि मांडीवरचं पोर ते सगळं बघत असतं. पोर पडलं की आपण च् च् करतो त्यात माया असते, त्याला कोण नाही म्हणतंय, पण माणसाच्या जेवणाकडे बघून काढलेला आवाज त्याच्या घरादाराला लागतो.

काही शाळा नॉनव्हेज आणू नका अशी नोटीस काढून मोकळ्या होतात, म्हणजे ज्याला हिणवलं त्यालाच शिक्षा! त्यापेक्षा शिवी दिल्यावर थांबवता तसं या ‘ईऽऽ’लाही तिथल्या तिथे, सगळ्या वर्गासमोर थांबवा. मधल्या सुट्टीत एक टीचर वर्गात बसली तरी पुष्कळ झालं.

– एक आजी, अलिबाग