वारा की पाणी?

पुणे,
6 डिसेंबर

प्रिय सुभ्या,

तुझं पत्र मिळालं. फोनवर पाठवलेलं हीटरच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही मिळालं. पत्र एकदाच वाचलं, रेकॉर्डिंग मात्र सहा-सात वेळा ऐकलं. शेवटी ही आतून म्हणाली, "अहो, कुणाचा स्टो ऐकताय एवढा?" तुझा म्हटल्यावर पोट धरून हसली. सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीत मी स्टो पेटवायला बसलो की तू चप्पल घालून गॅलरीत जाऊन उभा राहायचास, हे तिला माझ्याकडून पाठ झालंय. आणि तोच तू आता स्कॉटलंडमधल्या ओबानजवळच्या खाडीत, 27 फुटी होडीत, रॉकेलच्या हीटरला पाय लावून झोपतोस!

आता मुद्द्याचं. तुझं म्हणणं असं की शांत दिवशी हीटर तासन्‌तास निळा जळतो, आणि वारा सुटला की भक्‌-भक्‌ करतो, पिवळा होतो, काच काळी करतो आणि विझतो. म्हणजे वारा धुराड्यातून खाली शिरतो. म्हणून तू धुराड्याची टोपी दोनदा बदललीस. वाचताना मलाही पटलं. पण दोन गोष्टी खटकल्या. वारा उलटा आला असता तर केबिनमध्ये धूर कोंडला असता, डोळे चुरचुरले असते. तू तर लिहितोस की वासही येत नाही. आणि दुसरं, ज्योत पडायच्या जरा आधी रेकॉर्डिंगमध्ये बारीक तडतड ऐकू येते. ओल्या हाताने फोडणीत कढीपत्ता टाकल्यासारखी.

ती तडतड मला ओळखीची वाटली, ती आजीमुळे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमचा नारायण पेठेतला वाडा पाण्याखाली गेला. चौथ्या दिवशी चिखलातून स्टो निघाला. आजीने तो चिंच लावून लख्ख घासला, नवं रॉकेल भरलं, पण पेटला की थोडा वेळ जळायचा आणि मग तडतडून भडकायचा. बर्नरचं भोक साफ करता करता तिने तीन पिना मोडल्या. शेवटी दारावर स्टो दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाने बर्नरला हातही न लावता स्टो उचलला आणि टाकी परातीत उपडी केली. रॉकेलखालून गढूळ पाणी निघालं. आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी म्हणायची, "दुखणं पोटात, आणि मी मेली नाक टोचत बसले."

नुसत्या आठवणीवर तुला सल्ला देणं बरं दिसेना. माळ्यावरून आईचा पितळी स्टो काढला. पंपाचा चामड्याचा वायसर वाळून सुपारीसारखा झाला होता. बोहरी आळीत एका काळोख्या दुकानात नवा मिळाला, पिनांची पुडीही मिळाली. रॉकेल मिळवायला मात्र तीन दिवस गेले. रेशनचं ते निळं रॉकेल आता कोण देणार? शेवटी एका ओळखीच्याने अर्धी बाटली दिली. काकडा लावला, बर्नर तापू दिला, पंप मारला. तोच आवाज, सुभ्या! ही स्वयंपाकघरातून बघायला आली. मग हवा सोडून विझवला, थंड होऊ दिला, टाकीत दोन चमचे पाणी घातलं आणि परत पेटवला. मिनिटभरात तडतड, ज्योत बसली, मग पिवळा भडका. हुबेहूब तुझं रेकॉर्डिंग.

आता वाऱ्याचा संबंध काय, तर ऐक. रॉकेल पाण्यापेक्षा हलकं, पाणी तळाशी बसतं. माझ्या स्टोत नळी थेट तळापर्यंत जाते, म्हणून पाणी लगेच वर चढलं. तू पाठवलेल्या फोटोत टाकीतून रॉकेल बाहेर पडायचं तोंड तळापासून दोन बोटं वर दिसतंय. होडी स्थिर असली की पाणी खाली गप्प पडून राहतं आणि तुला निव्वळ रॉकेल मिळतं. वारा सुटला, होडी डुलायला लागली की ते पाणी हिंदकळून नळीत शिरतं. वारा दोषी आहेच, पण तो धुराड्यातून येत नाही, तो होडी हलवतो.

खात्री करायची तर एक दिवस वारा अजिबात नसताना हीटर लाव आणि तुझ्या त्या आडदांड शेजाऱ्याला डेकवर उभं करून होडी डावी-उजवी झुलवायला सांग. तडतडला तर पाणी. मग हीटर पूर्ण गार झाल्यावर हवा सोड, टाकीच्या अगदी तळातलं रॉकेल काचेच्या बरणीत काढ आणि रात्रभर ठेव. सकाळी तळाशी रेघ दिसेल. पाणी आलं कुठून म्हणशील, तर गेला अख्खा हिवाळा तू टाकी अर्धी ठेवलीस. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री पत्र्याला लागून थेंब थेंब उतरते. टाकी रिकामी करून पुसून घे, आणि पुढे होडी बंद ठेवताना ती भरलेली ठेवत जा.

बर्नर मात्र सोडून दे. 1892 साली स्वीडनच्या लिंडक्विस्टने जो धुराशिवाय जळणारा स्टो काढला, त्याचाच हा बर्नर. रॉकेल तापून त्याची वाफ झाली, तर निळं जळणार, नाहीतर थेंब पेटून भडकणार, एवढंच त्याचं शास्त्र. तू रोज पिन मारतोस म्हणतोस, ते आधी बंद कर. पिन मारून मारून निपलचं, म्हणजे वाफ बाहेर पडते त्या तोटीचं, भोक मोठं होतं, रॉकेल जास्त आणि हवा कमी, की पाणी काढूनसुद्धा ज्योत पिवळीच राहील. तसं झालं तर निपल बदल. आणि बर्नर तापवायची स्पिरिटची वाटी पूर्ण भरून पूर्ण जळू दे, तू अर्ध्यावरच पंप मारतोस, हे मला इथे बसून दिसतंय. वाटी गरम असताना परत स्पिरिट ओतू नकोस, उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. तुमच्याकडे ते जांभळं असतं म्हणे, तरी जळताना रंग काही कळत नाही.

पंपाचा दट्ट्या आपोआप वर येतो असं जे तू शेवटच्या ओळीत सहज लिहिलंयस, ते सहज नाही. आतला व्हॉल्व्ह हवा धरत नाही. टाकीतलं रॉकेल पंपात येतं आणि उद्या तुझ्या हातावर येईल. तो आधी बदल.

एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. झोपताना हीटर बंद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे "वास येत नाही" ही तुझी खात्री तिथे कामाची नाही. अलार्म बसव, हवेची झडप उघडी ठेव, थंडी वाजली तर दोन गोधड्या घे. आईची जुनी गोधडी अजून आहे, पाठवू का?

बरणीत काय निघालं ते लगेच कळव. फोटो पाठव, वर्णन नको, तुझी वर्णनं मला माहीत आहेत.

तुझा,
बंड्या

ता. क. चामड्याचे चार वायसर टपालाने पाठवतोय. बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजव आणि कडा बोटांनी बाहेर फाकव. तुझ्या पंपाला थोडे मोठे होतील, तर कात्रीने कापू नकोस, काचकागदावर फिरवून घास.